मैत्रिणीच्या घरची चांगली रीत आपल्या घरात टिकवायची कशी? (बदलत्या ड्युटीचं घर)

मनीषनगर_सहा

नमस्कार. घरात सहा जणं: सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी नववीत, मुलगा तिसरीत. ह्यांची ड्युटी नागपूरजवळच्या बुटीबोरीला, दर आठवड्याला बदलते. फर्स्ट ७ ते ३, सेकंड ३ ते ११, नाइट ११ ते ७. भासरे-जाऊबाई पुण्याला, नणंद न्यू जर्सीला.

मैत्रिणींच्या घरी ऐकून हेवा वाटावा अशा गोष्टी चालतात. एकीकडे रविवारी सकाळी सगळ्यांची बैठक असते. दुसरीकडे रात्री साडेनऊला सगळ्यांचे फोन टोपलीत जातात. तिसरीकडे आजी व्हिडिओ कॉलवर परदेशातल्या नातवंडांना स्वयंपाक शिकवते. जसंच्या तसं उचललं की दोन-तीन आठवड्यांत बंद पडतं. मैत्रिणीला नेमकं काय विचारावं? ड्युटी बदलत असताना एकत्र वेळ कसा बांधावा? आणि आत्याच्या कॉलवर "जेवले का, पाऊस आहे का" यापुढे बोलणं जात नाही, त्याचं काय करावं? मोघम नको, करून बघता येईल असं सांगा.

त्रिमूर्तीनगर_गच्ची

ताई, "तुमच्याकडे काय करता" एवढंच विचारलं तर मैत्रीण दिसणारा भाग सांगते. रीत टिकते ती न दिसणाऱ्या भागावर, म्हणून हे विचारून घ्या: त्याच्या अगदी आधी घरात काय चाललेलं असतं? तयारी कोण करतं आणि तिला किती मिनिटं लागतात? महिन्यातून किती वेळा चुकतं, आणि चुकलं की काय करता? हे सुरू करताना आधीचं काय सोडलं? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. मैत्रिणीकडे रविवारचा नाश्ता बाहेरून येत असेल, तर तिची बैठक त्या मोकळ्या झालेल्या तासावर उभी आहे. तुमच्याकडे त्याच वेळी सहा जणांचा नाश्ता तव्यावर असेल, तर बैठक हॉलमध्ये आणि तुम्ही ओट्याशी. तशी बैठक तिसऱ्या रविवारी बंद पडणारच.

दुसरं, रीत घड्याळाला बांधू नका. घरात न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा. संध्याकाळचा दिवा, सासऱ्यांचा चारचा चहा, उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरणं, रात्री दूध विरजणं. आठ वाजले हे कोणाला तरी ओरडून सांगावं लागतं. दिवा लागला हे सगळ्यांना दिसतं.

आता ड्युटीचं. रोजची एक ठरलेली वेळ तुमच्या घरात जमणार नाही, म्हणून तिन्ही आठवड्यांसाठी तीन वेगळ्या जागा ठरवा आणि त्या कायम ठेवा.

फर्स्टच्या आठवड्यात रात्रीचं जेवण, पण साडेसातला बसा. त्यांना पहाटे पाचला उठायचं असतं, नऊनंतर ते नुसते बसलेले असतात, कान झोपलेले असतात.

सेकंडचा आठवडा सगळ्यात अवघड. ते घरी येईपर्यंत पोरं झोपलेली, आणि पोरं शाळेतून येईपर्यंत ते निघालेले. उरते फक्त सकाळ. पण रात्री एकला झोपलेल्या माणसाला रोज सहाला उठवू नका. पाच तासांच्या झोपेवर चिडचिडच होते आणि रीतीचं नाव खराब होतं. आठवड्यातून दोनच दिवस, समजा मंगळवार आणि शुक्रवार, मुलाला बसपर्यंत सोडायला त्यांनी जायचं. परत येऊन झोपायची मुभा ठेवा. बाकी दिवस रात्री ताटावर झाकलेल्या ताटलीखाली पोरांची एक चिठ्ठी, आणि सकाळी डब्यात त्यांचं उत्तर. चिठ्ठी दोन ओळींचीच. मोठी चिठ्ठी लिहायला लावली की तिसऱ्या दिवशी तो गृहपाठ होतो.

नाइटच्या आठवड्यात ते आठला येतात, नऊ ते तीन झोपतात. तेव्हा पाचचा चहा. रात्रीचं जेवण धरू नका, कारण ड्युटीवर जायच्या आधी सातनंतर ते पुन्हा पडणार.

भिंतीवरच्या कालनिर्णयात तीन रंगांचे ठिपके द्या: फर्स्ट हिरवा, सेकंड निळा, नाइट लाल. शनिवारी रात्री पुढच्या आठवड्याचे ठिपके तिसरीतल्या मुलाने द्यायचे. वीकली ऑफ मधेच सरकत असेल तर त्या दिवसाला गोल. मुलाला आज बाबा कधी भेटणार हे स्वतः वाचता आलं की "बाबा कुठे गेले" हा प्रश्न कमी होतो. माझ्या मते सगळ्या यादीतली ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे आणि खर्च तीन स्केचपेनांचा.

आणखी एक. किती जणं असली की रीत झाली असं धरायचं, ते आधी ठरवा. सहापैकी तीन पुरे. सगळे असतील तेव्हाच करू म्हटलं की ती फक्त दिवाळीत होते. चालतंय की नाही हे दोन आठवड्यांत ठरवू नका. तुमची ड्युटी तीन आठवड्यांनी फिरते, म्हणून निदान सहा आठवडे, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या जाऊ द्या.

रामनगर_पायरी

बैठकीबद्दल लिहितो. ती बंद पडण्याचं कारण वेळ नसतो, बहुतेक घरांत तिचं कोर्ट होतं. पोरांचे मार्क निघाले, कोणाचा पसारा निघाला, की पुढच्या रविवारी मुलीला बरोबर त्याच वेळी शिकवणीचा अभ्यास आठवतो.

म्हणून दोन विषय बैठकीत आणायचेच नाहीत: मार्क आणि कोणा एकाची तक्रार. मांडणी अशी ठेवा. पंचवीस मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नाही. पहिली पाच मिनिटं, गेल्या आठवड्यात घरातल्या कोणी आपल्यासाठी काय केलं ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं. पुढची दहा मिनिटं कॅलेंडर: कोणाची परीक्षा, कोणाकडे लग्न, सासऱ्यांची औषधं कधी संपतात, गाडी कोणाला कधी हवी. मग पाच-सहा मिनिटं एकच अडचण, जिच्यात सगळ्यांचा हात लागेल अशी. उदाहरणार्थ, सकाळी न्हाणीघरात कोण आधी. शेवटी पुढच्या रविवारचा नाश्ता काय, हे पोरांनी ठरवायचं.

बोलायला सुरुवात सगळ्यात लहान माणसापासून. आजोबा आधी बोलले की त्यांच्यानंतर नातवंडं फक्त मान हलवतात. पण आजोबांना शेवटची तीन मिनिटं हक्काची द्या, आणि ती "समारोप" म्हणूनच द्या. मोठ्या माणसाला आपली जागा ठरलेली आहे हे कळलं की मधेच बोलणं आपोआप कमी होतं. अध्यक्ष आळीपाळीने. तिसरीतला मुलगासुद्धा. त्याच्या हातात वाटी आणि चमचा द्या, वेळ संपली की वाजवायला.

ठरलेलं सगळं एका शंभर पानी वहीत, तारीख घालून, तीनच ओळींत. पुढच्या रविवारी आधी त्या तीन ओळी वाचायच्या. जे ठरवलं ते झालं नाही तर "का नाही केलं" असं विचारू नका, "कोणाला मदत हवी होती" असं विचारा. वाक्य बदललं की उत्तर बदलतं.

नाश्त्याचं म्हणाल तर रविवारी तर्री-पोहे बाहेरून आणा आणि त्यात संकोच करू नका. तुमची बैठक त्या मोकळ्या अर्ध्या तासावर उभी राहणार आहे. एप्रिल-मेमध्ये मात्र आठलाच बसा. दहानंतर ऊन तापतं, कूलर लावावा लागतो, आणि त्याच्या आवाजात म्हाताऱ्या माणसांना अर्धं ऐकू जात नाही. ते गप्प बसले की आपल्याला वाटतं रुसले.

धरमपेठ_उत्तर

आत्याच्या कॉलचं मी सांगते. नुसतं बोलण्यासाठी केलेला कॉल हवापाण्यावरच संपतो, कारण दोन्हीकडे हातात काही नसतं. हाताला काम द्या, बोलणं त्यातून निघतं. तुमच्या मैत्रिणीकडे स्वयंपाकाचा कॉल टिकला आहे तो याचमुळे.

आधी वेळ. न्यू जर्सीत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतात, हिवाळ्यात साडेदहा. रविवारी संध्याकाळी साडेसातला नागपूरहून कॉल लावला तर तिकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. ही वेळ दोघांना सोयीची: इकडे रात्रीचं, तिकडे दुपारचं जेवण बनतं, कोणी पेंगत नाही. हे दोन रविवार कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. बरेच ठरलेले कॉल नोव्हेंबरात तुटतात ते एवढ्याशा गोंधळाने. एक जण तासभर वाट बघतो आणि मनाला लावून घेतो.

पदार्थ असा निवडा की ज्यात मधे थांबावं लागतं. पुरणपोळी कॉलवर नको. दोन्ही हात पिठात, नजर तव्यावर, आजी फोनकडे बघूच शकत नाही. पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा उत्तम. एक वाटी बेसनाला दीड वाटी पाणी. बेसन आधी त्यातल्या अर्ध्या गार पाण्यात हाताने मोडून घ्यायचं, उरलेलं पाणी फोडणीत उकळायचं आणि मग पातळ केलेलं बेसन हळूहळू ओतत ढवळायचं. कोरडं बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि कॉलवरून त्या मोडता येत नाहीत. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं वाफ, ही बोलायची पहिली जागा. तेल लावलेल्या ताटात गरम असतानाच थापायचं, वरून खोबरं आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. वड्या थंड व्हायला दहा-बारा मिनिटं, ही दुसरी जागा. आजीला एकच प्रश्न विचारायचं काम नातवंडांना द्या: "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" पुढचं आपसूक चालतं.

सामानाची यादी गुरुवारी पाठवा, कारण तिकडे शनिवारी खरेदी होते. यादीत "सांबार" लिहाल तर तिकडची नातवंडं डाळीचा सांबार समजतील, तिथे कोथिंबीर लिहा. फोन हातात धरायचा नाही. ओट्यावर स्टीलचा उंच डबा, त्याला टेकवून, कॅमेरा कढईकडे वळवलेला. चेहरा नाही दिसला तरी चालतो, हात दिसले पाहिजेत. एक्झॉस्ट बंद.

पुण्याच्या घरालाही त्याच कॉलवर घ्या, पण तिघांनी एकाच वेळी बनवायचं नाही. एक घर बनवतं, दुसरं सोबत करतं, तिसरं फक्त बघतं आणि पुढच्या वेळचा पदार्थ ठरवतं. महिन्यातून एकदाच. दर रविवारी ठेवलात तर तो नणंदेच्या डोक्यावरचा भार होईल, आणि ती ते बोलून दाखवणार नाही.

गोकुळपेठ_बाजार

थोडकंच. एका वेळी एकच रीत आणा. तिन्ही सोबत सुरू केल्या तर कोणती कशामुळे बंद पडली ते कळतच नाही. आधी रंगीत ठिपके, सहा आठवड्यांनी बैठक, मग कॉल.

मनीषनगर_सहा

खूप उपयोगी पडून राहिलं हे, मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. फोनच्या टोपलीला मुलगी तयार नाही. म्हणते, ग्रुपवर शाळेचं येतं. आणि सासूबाईंना हे सगळं "दुसऱ्यांच्या घरचं" वाटतं.

अंबाझरी_बांध

मुलीचं म्हणणं खरं आहे, शाळेचं रात्री येतं. टोपली बहुतेक घरांत फसते ती मोठ्यांमुळे. "बाबांना ड्युटीचा फोन येऊ शकतो" म्हणून एक फोन बाहेर राहिला की पोरांना नियम खोटा वाटतो. टोपलीऐवजी चार्जिंगची एक जागा करा. हॉलमध्ये शू-रॅकवर एकच एक्स्टेंशन बोर्ड, घरातले सगळे चार्जर तिथेच बांधून ठेवलेले, बेडरूममध्ये एकही नाही. फोन तिथे लागतो तो चार्ज व्हायला, शिक्षा म्हणून नाही. ड्युटीच्या फोनची रिंग मोठी ठेवा, फोन पालथा ठेवा. वाजला तर उठून घ्यायचा, तिथेच उभं राहून बोलायचं. मुलीला साडेनऊ आणि सव्वादहा अशा दोन वेळा पाच-पाच मिनिटं उभ्या उभ्या शाळेचा ग्रुप बघू द्या. खुर्ची ठेवायची नाही. आणि एक गजराचं घड्याळ विकत घ्या. सकाळच्या अलार्मसाठी फोन उशाशी हवा, ही सबब मोठ्यांचीच जास्त असते.

नववीतल्या मुलीला समोर बसवून "बोल" म्हटलं की ती बोलत नाही. शेजारी शेजारी असताना बोलते. भांडी घासताना एकाने घासायची, एकाने विसळायची. किंवा महिन्यातून एकदा एकेका पोराला एकट्याला घेऊन बाहेर जा, दोन्ही पोरं सोबत नकोत. मेट्रो यासाठी फार सोयीची आहे. तुमच्या बाजूने ऑरेंज लाइनने सीताबर्डीला या, तिथे ॲक्वा लाइनला बदला. लोकमान्यनगरच्या टोकापर्यंत नुसतं जाऊन परत आलं तरी चालतं. गाडी चालवावी लागत नाही, दोघांची नजर खिडकीबाहेर असते. मुलासोबत असाल तर गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र किंवा अजब बंगला, म्हणजे आपलं जुनं संग्रहालय. अजब बंगला १८६३ पासून आहे, आजोबांनीही लहानपणी पाहिला असेल तर त्यांनाच त्याच्यासोबत पाठवा. ही फेरी मार्कांवर बक्षीस म्हणून द्यायची नाही आणि शिक्षा म्हणून रद्दही करायची नाही. एकदा जरी अशी रद्द केली की तिची किंमत गेली.

महाल_वाडा

सासूबाईंचं मला पटतं. त्यांना घरातलंच काहीतरी मोठं करायला सांगा, मैत्रिणीचं मागून येऊ द्या. आपल्याकडे तान्हा पोळा आहेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, मिळतो. त्याला एक जोड द्या: ज्या घरी नंदी नेला त्या प्रत्येक घरी सासूबाईंनी नातवाची ओळख नात्यासकट करून द्यायची. हे कोण, आपले कसे लागतात, यांच्याकडचं पहिलं लग्न कोणाचं. घरी आल्यावर मुलाने बोजाऱ्यासोबत ती नावं वहीत लिहायची. पाच-सात घरं पुरेत. त्याच दिवशी इतवारी-महाल भागात मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी असते, म्हणून या बाजूला नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे संध्याकाळी जा. लाकडी बैल दरवर्षी नवा घेऊ नका. जुन्यालाच दरवर्षी नवी झूल, आणि झूल शिवायचं काम आजीचं.

दुसऱ्या घरांतून घ्यायचंच तर अर्थ विचारून घ्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे असंख्य स्टॉल लागतात आणि तिथून पुस्तकं घेऊन घरी परतणारी कुटुंबं खूप असतात. अशा मैत्रिणीकडून ही रीत घ्यावीशी वाटली तर तिलाच विचारा, तिच्यासोबत जा, १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे काय झालं ते तिच्या घरच्या मोठ्यांच्या तोंडून मुलांना ऐकू द्या. मग पुस्तक घ्या. पहिल्या पानावर तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि ते कोणी सुचवलं त्याचंही नाव लिहा. रीत कोणाकडून आली ते घरात उच्चारलं गेलं की ती उसनी वाटत नाही. मैत्रिणीलाही वर्षातून एकदा त्या निमित्ताने घरी बोलावणं होतं.

धरमपेठ_उत्तर

सासूबाईंसाठी एक भर. कॉलच्या दिवशी पातोडी झाल्यावर त्यांचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा. फोनमधलं साधं रेकॉर्डर पुरे, व्हिडिओ नको. कॅमेरा दिसला की त्या पदर सावरतात आणि सांगायचं राहून जातं. पंखा मंद, कूलर बंद, फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर टॉवेलवर ठेवा, नुसत्या टेबलावर ठेवला तर भांड्याचा प्रत्येक आवाज त्यात उतरतो. एका वेळी पंधरा मिनिटं आणि एकच विषय: माहेरची विहीर, पहिलं स्वयंपाकघर, भाऊबीज. मधे तारीख-वार दुरुस्त करू नका, सांगणं तुटतं. फाइलला लगेच नाव द्या, आधी साल, मग महिना, मग विषय, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. नाव न दिलेल्या फाइली नंतर कोणी उघडत नाही. त्याच रात्री एक प्रत पुण्याला, एक नणंदेला पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि नेहमीच्या फॅमिली ग्रुपवर टाकू नका. तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली ती दुपारपर्यंत गाडली जाते. त्यासाठी तीन घरांचा वेगळा ग्रुप करा, आणि त्यात फॉरवर्ड टाकायचा नाही हे पहिल्याच दिवशी सासऱ्यांकडून सगळ्यांना सांगून घ्या.

मनीषनगर_सहा

ठिपक्यांपासून सुरुवात करते. पुढचा आठवडा नाइटचा, म्हणजे लाल. स्केचपेन मुलाने आत्ताच शोधून ठेवले, निळा मात्र वाळला आहे. सहा आठवड्यांनी इथेच येऊन सांगते काय टिकलं आणि कुठे अडलं.